खाली

भूमी अभिलेखात एकतीस वर्षं काढली,
तेव्हा वाटायचं, निम्मी फारसी तर मला येतच असेल.
दस्तऐवज, दरखास्त, नजराणा, बरखास्त
ही सगळी तिकडचीच पोरं,
आमच्या कपाटांत वाढलेली.

बिरजंदच्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं,
"तहसीलातेतून?"
मी म्हटलं, "जुन्नर."
त्यांनी मान डोलावली, पिस्ते पुढे केले
आणि सगळं वाळवंट सरेपर्यंत विचार करत बसल्या
की जुन्नर म्हणजे नक्की कितवी पास.

तहसील म्हणजे इथे शिक्षण.
हे त्यांच्या नातवानं सांगितलं, बर्दियानं,
तोंडावर वही धरून, हसू लपवत.
वहीला तो दफ्तर म्हणतो.
आणि दप्तराला? कीफ.
दिमाख म्हणजे नाक,
हे मात्र मला कुणी न सांगताही पटलं असतं.

उतरताना कौकब खानमनी माझी पिशवीच उचलली.
हॉटेल नको, म्हणाल्या. वरची खोली आहे.

सकाळभर आम्ही जरेश्क निवडतो.
लाल, आंबट, मिरीएवढी फळं;
देठ एकीकडे, काटे एकीकडे, शब्द माझ्या ओट्यात.
पाववाला आला: खस्ते नबाशी.
झाडूवाला गेला: खस्ते नबाशी.
थकू नकोस, बाबा.
आमच्याकडे खस्ता होते ती फक्त हालत,
आणि ती होऊ नये असं
साहेबांनी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी त्या 'ऊ'च्या गोष्टी सांगतात.
ऊ बदामाच्या झाडावरून पडला. की पडली.
गणितात ऊ नापास. की नापासच, तिथे फरक नाही.
ऊ परदेशी, बर्फाच्या गावी, सहा वर्षं.
तो, ती, ते, तिन्ही एका अक्षरात मावतात इथे
आणि क्रियापदही चुगली करत नाही.
मी ज्या खोलीत झोपते ती ऊची.
उशीला कसलाच वास नाही.
मुलगा की मुलगी, विचारायला हवं होतं पहिल्याच दिवशी.
आता चार दिवस मान डोलावल्यावर
कोणत्या तोंडानं विचारू?

शुक्रवारी मला ताप.
सगळे मळ्यावर गेले, मी वर पडून.
दिवेलागणीला अंगणातून हाक आली,
"जाये शोमा खाली!"
शोमा म्हणजे तुम्ही, एवढं येत होतं.
जा, तुम्ही, खाली.
उठले. शाल गुंडाळली.
भिंत धरत अकरा पायऱ्या उतरले,
सरकारी नोकरीत हुकूम पाळायची सवय लागते.

"अगं बाई, तू कशाला उतरलीस!"
असंच काहीतरी ओरडल्या असणार त्या.
मग सुफ्रा अंथरला, ताटल्या मांडल्या,
आणि बर्दिया नि सामोवार यांच्यामध्ये
एक वीतभर कापड तसंच ठेवून
त्यावर तळहात थोपटला.
मळ्यावर अशी होती तुमची जागा. खाली.
म्हणजे रिकामी.
म्हणजे आम्ही जेवलो, पण.

मला तिथे बसवलं, सूप दिलं.
मग त्यांचा हात आणखी पलीकडे सरकला,
खिडकीखालच्या कोपऱ्याकडे,
आणि अगदी हळू, जणू कुणाला उठवायचं नाही:
"जाश खाली."
ह्या खेपेला भाषांतर कुणी केलं नाही.
बर्दिया भाकरी तोडत राहिला.

तबसच्या बसमध्ये आता खिडकीपाशी बसलेय,
शेजारच्या सीटवर जरेश्कची पुरचुंडी,
चार पदरी गाठ मारून दिलेली.
मुलगा की मुलगी, शेवटपर्यंत कळलं नाही.
अंगावर गोण्याचा वास असलेला एक पोऱ्या येतो,
सीटकडे हनुवटी करून विचारतो,
"खालीये?"

आधी मी पायांकडे बघते.
मग पुरचुंडी मांडीवर घेते.