तुटक निळी रेघ

समाजमंदिरात कॅरमचा बोर्ड उलटा टाकून
आम्ही प्रभागाचा नकाशा पसरला.
चार कोपऱ्यांना चार वजनं: किल्ल्यांचा जुडगा,
शहनाज अत्तारची चष्म्याची डबी,
अर्धा पेरू, आणि माझा डावा हात.

एकतीस वर्षं मी नगररचनेत ट्रेसर होतो.
हिरवा रंग मला एकच ठाऊक:
आरक्षण, उद्यानासाठी,
ज्यावर पुढे मंगल कार्यालय उभं राहतं.

आता हिरवी पेन्सिल शहनाजच्या हातात.
पाटाकडेचे करंज ती जोडते
शाळेमागच्या ओसाड तुकड्याला,
तिथून गांगुर्ड्यांच्या गोठ्यालगतचा उंबर,
तिथून खाली नासर्डी.
"सलग हवं," ती म्हणते. "सावली तुटली की खार थांबते,
पाणी तुटलं की तळघरात शिरतं."
कोठुळे विचारतो, पार्किंगचं काय?
कुणी डासांचं काढतं.
कुणी म्हणतं, झाडांखाली पोरं बसतील.
"बसंनात का," गांगुर्डे मावशी म्हणतात.

रेघ अडते भाजीबाजारामागे,
बारा मीटर डांबरापाशी.
"इथं आधी काय होतं हो?"
सगळे माझ्याकडे बघतात.

ओहोळ होता. बिननावाचा, पावसाळी,
ट्रेसिंगवर तुटक निळा.
साहेब म्हणाले होते, लेआउट बसत नाहीये.
शाई पुसायची नसते,
ब्लेडच्या कोपऱ्याने खरवडायची,
मग नखाने घासायचं, कागद गुळगुळीत होईतो.
माझा हात त्यात फार साफ.
कौतुक व्हायचं.

हे मी बोललो, की नुसता खोकलो, आठवत नाही.
मावशींनी बोट टेकवलं: "हितं आम्ही गोधड्या धुवायचो."
आणि दर श्रावणात तिथेच गुडघाभर पाणी,
तिथूनच महापालिकेला फोन.
त्याला वाट पाठ आहे तर.
विसरला होता तो फक्त नकाशा.

निळी पेन्सिल कुणाकडेच नव्हती.
एका पोराने दप्तरातून बॉलपेन दिलं.
हात थरथरला, तरी ओढली.
"सरळ नको," मावशी म्हणाल्या,
"जांभळीपाशी वळायचा तो."
"जांभळीपाशी माझं गॅरेज आहे," कोठुळे म्हणाला.

चहा आला. कपाचा गोल डाग
नेमका गॅरेजवर उमटला, कुणी पुसला नाही.
बऱ्याच वेळाने कोठुळे,
बशीत बघत:
"मागची बाजू तशी मोकळीच असते.
नुसते टायर पडलेत."