शेपटीचे दिवे

शीतल आवटीनं गाडी आणली ती टेम्पोवर घालून,
उद्यमनगरच्या तिसऱ्या गल्लीत, भर दुपारी,
पोरं लेथ सोडून बाहेर आली.
एकोणचाळीस सालची शेवरलेट.
छप्पर चार बोटं खाली घेतलेलं,
बॉनेटच्या बाजू काढून इंजिन उघडं,
रंग पिकल्या जांभळाचा.
"हॉट रॉड म्हणतात हिला, हमीदभाई.
आता फक्त मागचे दिवे राहिलेत."

'फक्त' हा शब्द मी टेबलावर ठेवला,
पान्याशेजारी.

त्यानं कागद काढला.
दिवा चिंचोक्याएवढा, पत्र्यात बुडवलेला,
काच धुरकट काळी,
म्हणजे बंद असताना दिवा आहे हेच कळू नये.
आणि चालू असताना? मी विचारलं.
तो हसला. "नाद असतोय ओ एकेकाचा."

नाद मला कळतो.
माझ्या बापानं एका बग्गीला पितळी कंदील ओतून दिले होते,
कडेनं जाईची वेल, पान न् पान कोरलेलं,
आणि वेलीच्या नादात
वाऱ्याला भोकं ठेवायचीच राहिली.
दोन्ही कंदील देखणे.
दोन्ही गुदमरून विझायचे.

केले. चिंचोका तर चिंचोका.
तीन रात्री कानस चालवली.
बसवले तेव्हा गाडीची पाठ
तेल लावून शर्यतीला काढलेल्या म्हशीगत चमकली,
आणि खरं सांगतो, माझंही मन पाघळलं.

मग म्हटलं, चल, शियेच्या रस्त्याला.
रात्रीचे दहा, गुऱ्हाळाचा गोड धूर नाकात,
गाडी कडेला, दिवे चालू.
तू मागं चालत जा, पावलं मोज,
दिसेना झालं की हाक मार.
चाळीस, मोठ्यानं मोजत होता.
पन्नास.
बासष्टला थांबला.
"आता ब्रेक दाबा!" तिथनंच ओरडला.
दाबूनच बसलो होतो मी.

तेवढ्यात त्याच्या मागनं ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या ओढत,
आमच्या पुढं गेला तसा
मला त्याची पाठ दिसली, म्हणजे दिसली नाही.
दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही,
उसाचे शेंडे रस्ता झाडत चाललेले
आणि चार वावांवर नुसती रात्र.
शीतल रस्ता सोडून चारीत उभा होता,
ट्रॅक्टर लांब गेला तरी.
त्याच्या मामेभावाचं मला नंतर कळलं,
तेही त्याच्याकडून नाही.

नियम मी त्याला सांगितला नाही.
मागं लाल, दोन्ही कडांना, लांबून दिसणारा,
ब्रेकला त्याहून उजळ:
पोरासोरांनाही ठाऊक असतो, पाळायचा सोडून.
पण लिहिला कुणी असेल पहिल्यांदा?
मला वाटतं, असाच कुणीतरी
चारीत उभा राहिलेला.

नवे केले.
आकार तोच, पण करंजीएवढा,
कडी पितळेचीच, मेणाचा साचा गुजरीतल्या पोतदाराकडनं,
काच लाल, धूर नाही,
खाली रिफ्लेक्टर, जो दिवा मेला तरी
दुसऱ्याच्या उजेडावर उसनवारी करतो.
या खेपेला शीतल तीनशेच्या पुढं गेला
आणि मोजायचंच विसरला.

तपासणीला साहेबानं दोन फेऱ्या मारल्या.
छपराचं लिहिलं, इंजिनाचं लिहिलं,
त्या कागदांपायी शीतलच्या चपला अजून झिजतायत.
मागं आला, वाकला, काचेवर बोट फिरवलं.
म्हणाला, "हे राहू दे."

जुने चिंचोके माझ्या खणात पडून होते.
परवा एक ट्रॉलीवाला हूक वेल्डिंगला आला,
त्यानं उचलून बघितले. "किती?"
दिसत नाहीत ते, मी म्हटलं.
"माझ्या मागं आत्ता काय दिसतंय?"

हातोडी घेतली.
काळी काच काढायला फोडावीच लागते,
तीन रात्रींची, माझ्याच हातची.
फुटताना आवाज मात्र छान आला,
एवढं कबूल करतो.