हातोडी, ऐरण, रिकीब

मिरची पथाऱ्यांवर पडली की नंदुरबारात
आमच्या दवाखान्याची रांग एका सुरात शिंकते.
मी सांगते, तिखट ही चव नाही, वासही नाही,
ती जळाल्याची वर्दी आहे, वेगळ्याच तारेवरून आलेली.
मिरचीच्या गावात हे मानणार कोण?

हिलाल लोहार तळोद्याहून पहिल्या गाडीने आले.
सोबत केशरबाई, आणि पिशवीत एक विळा,
डॉक्टरांना द्यायला.
कान तपासायची बाई मी. विळा मी टेबलाखाली ठेवला.

टेबलावर प्लास्टिकचा कान आहे, भोपळ्याएवढा.
पडद्यामागची तीन हाडं मी चिमटीत धरून दाखवली:
ही हातोडी,
ही ऐरण,
ही रिकीब, खरी तर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी.
ते खुर्ची पुढे ओढून बसले.
एवढ्या वर्षांत त्या ऐरणीवर कुणी असं बोट ठेवलं नव्हतं,
तापली आहे का बघावं तसं.
"आन् भाता? भाता कोन फुकस व माय?"

मी म्हटलं, आहे.
घशातून कानाकडे एक नळी जाते,
गिळलं की उघडते, हवा आत घेते.
हिलालबाबांनी आवंढा गिळला,
आणि बराच वेळ मान तिरकी करून बसले.

मग शंख दाखवला. अडीच वेढे, आत पाणी,
पाण्यात केसांएवढं बारीक पीक.
बारीक आवाजाचं पीक दाराशी उभं असतं,
जाड आवाजाचं पार आत, शेवटच्या वेढ्यात.
येणारा प्रत्येक घाव दारातूनच जातो,
म्हणून दारातलं आधी तुडवलं जातं.
ते पुन्हा उगवत नाही.
हे शेवटचं वाक्य मी जरा हळू बोलले,
ते त्यांना ऐकू गेलं नाही.

काचेच्या खोलीत त्यांना बसवलं. हातात बटण.
आवाज आला की दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो.
पाचशे. दिवा. हजार. दिवा.
दोन हजारला थांबून, दिवा.
चार हजारला काहीच नाही. मी आवाज चढवला, अजून चढवला.
मग मी यंत्र बंदच केलं,
आणि दिवा लागला.
टक टक, मध्ये रिकामं. टक टक, रिकामं.
खोलीत मुंगी चालल्याचाही आवाज नव्हता.

केशरबाई माझ्या पाठीशी, दिव्याकडे बघत.
तीस वर्षं समोर उभं राहून घण हाणलेला त्यांनी,
आता उजवा हात डोक्याच्या वर जात नाही.
प्रत्येक रिकाम्या जागेवर
त्यांचा खांदा पदराखाली इतकासा उचलत होता,
आणि पडत होता.

फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही.
'प्रतिसाद अविश्वसनीय' असं लिहायचं असतं.
मी लिहिलं, खोडलं,
मग माईकवर म्हटलं, बाबा, पुन्हा पहिल्यापासून.
ते काचेतून माझ्या ओठांकडे बघून हसले.

आलेखाची रेघ शेवटी आली तशीच आली:
चार हजारावर सातपुड्याच्या दरीत उतरलेली,
आठ हजाराला थोडी वर चढून दमलेली.
मी विचारलं, पाणी पाजताना लोखंड चरचरतं ते कळतं का?
"नई. रंग पाहस."
आधी कडब्यासारखा पिवळा, मग जांभळट.
पिवळा निघून जायच्या आत हात चालायला हवा.
डोळ्याच्या मागच्या भिंतीवरही मधोमध एक पिवळा डाग असतो,
बारीकसारीक सगळं तोच बघतो, असं सांगणार होते.
पण बाहेर पुढचा नंबर शिंकला.

मशीनची किंमत ऐकून ते "पाहू" म्हणाले.
केशरबाईंनी स्वतःचे कान तपासून घेतले नाहीत.

संध्याकाळी टेबल पुसताना कळलं,
दोन वर्षं डुगडुगणारी मॉडेलची ऐरण
कुणीतरी नखानं पिळून घट्ट बसवली आहे.
आता ती निघत नाही.
उद्यापासून लोकांना तीन हाडं
जागेवरच दाखवावी लागतील.