सावली

मातिना नदीच्या अलीकडं, केळीच्या बागांवर
पहाटे साडेपाचला पिवळं विमान उतरत येतं, खाली, आणखी खाली.
करप्यावरचं औषध.
घडांना निळ्या पिशव्या आहेत.
ओढ्याला काही नाही.

"किती मेले?" योर्लेनी विचारते.
बर्फाची पेटी, बाटल्या, कोरी वही.
"मेलं कुणीच नाही," निकानोर म्हणतो,
"मेले असते तर मागंच आला असतात तुम्ही."

तो पाण्यावर पंजा धरतो.
सावली पडते ग्वापोत्याच्या पाठीवर.
मासा तिथंच.
कल्ले तेवढे भराभर,
जिना चढून आल्यासारखे.

"पोर होतो तेव्हा, बगळा पार पलीकडं बसला
तरी हे सुळकन मुळांत गडप.
एक धरायला अख्खी दुपार जायची,
वर आईचा मार."

आता तो ओंजळ खाली नेतो
आणि उचलतो.

योर्लेनी पेन्सिलीला टोक काढते. असलेलं मोडून पुन्हा काढते.
मृत: शून्य.
पुढं रकानाच नाही.
मग समासात, बारीक अक्षरात:
सावलीला दचकत नाही.

विमान वळून येतं.
पाण्यावरून, वहीवरून, दोघांवरून त्याची सावली सरकते.
योर्लेनी डोक्यावर हात घेते.
निकानोर मान वर करत नाही.