गेंदाबाईचा तांब्या

पारोळ्यात, जिनिंगच्या मागच्या वस्तीत
मे महिन्यात पत्रे तडतडतात,
माठ मात्र सगळ्यांचे भरलेले.
गेंदाबाईचाही.
दुपारी चारनंतर ती त्याच्याकडे बघत नाही.

हे मला आशाताईनं सांगितलं,
सायकलचं पंक्चर काढून घेता घेता.
"चक्कर येऊन दोनदा पडली, दादा.
गोळ्या बदलल्या, तरी तेच.
शेवटी विचारलं, आजी, पाणी किती पिता?"

संडास आहे तिच्याकडे. योजनेतला,
दारावर नंबर रंगवलेला.
पण चाळीस वर्षं सरकीच्या धुळीत
उकिडव्या बसलेल्या गुडघ्यांनी
आता बसणंच सोडलंय.
बसली तर उठता येत नाही,
आणि रात्री हाक कुणाला मारणार,
लेक सुरतेला, सून तिसऱ्या पाळीला.
म्हणून तिनं तहानच कमी केली.

मी सायकलवाला. वेल्डिंग जमेल तेवढं करतो.
भंगारातून हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची आणली,
वीस रुपयांत.
तव्याच्या मापानं खडूचा गोल काढला,
तापल्या सुरीनं कापला.
पहिली फसली, सांगायला लाज नाही.
ओल्या फरशीवर पाय फाकले तिचे,
मीच बसून बघत होतो, मीच आपटलो,
बायको दोन दिवस हसत होती.

दुसरीला खाली लोखंडी अँगलची चौकट,
पायांना जुन्या टायरचे बूट,
काठाला ट्यूब गुंडाळली, मांडी कापू नये म्हणून.
आणि कुणाच्या तरी शेतातून निघालेला
ठिबकचा जाड पाइप
दारापासून संडासापर्यंत भिंतीला ठोकला,
कंबरेच्या उंचीवर,
अंधारात हाताला वाट दिसावी एवढाच.

खुर्ची तिनं पोत्यात गुंडाळून नेली,
रात्री नऊनंतर.
"कोनले सांगू नको बरं."
"नही सांगत, माय."
आठवड्यात अकरा जणी आल्या.
प्रत्येकीनं आवाज खाली आणून विचारलं,
"तशी... आहे का अजून एखादी?"
जशी काही दारूच मागत होत्या.

उखाआप्पा तेवढे आले नाहीत.
चौऱ्याहत्तर वय, हमालीनं एक खांदा कायमचा उतरलेला.
"माझे पाय अजून माझेच आहेत," म्हणाले,
आणि पंधरवड्यात न्हाणीत घसरले. माकडहाड.
खाटेवर पडल्या पडल्या निरोप धाडला:
पाइप चालेल, खुर्ची नको.
पाइप लावला. न मागता
खाटेला सायकलची घंटी बांधून दिली.
आता दिवसभर वाजवतात,
चहासाठी, माशीसाठी, उगाचच.
शेजारीण म्हणते, काढ ती, तुझ्या पाया पडते.

कुणी विचारतं, हे सुचलं कसं तुला.
सुचायचं काय त्यात.
माणूस खाली जात नसेल
तर वस्तू वर आणायची.
सायकलच्या सीटचं आपण दुसरं काय करतो?

वहीत गेंदाबाईच्या नावापुढे एकशे चाळीस,
त्यातले साठ पापडांत फिटले.
काल गेलो होतो उरलेले मागायला,
खरं तर चौकटीला गंज धरलाय का बघायला.
पाच वाजून गेले होते,
ऊन अजून ओट्यावर ठाण मांडून.
तिनं माठातून तांब्या भरला.
मला दिला नाही.
मान मागे टाकून स्वतःच प्यायली,
गळ्याची शीर वरखाली होत होती.
पुन्हा भरला. पुन्हा.

मग रिकामा तांब्या माझ्यासमोर पालथा धरला,
एक थेंब पडला,
तो ओट्यानं पिऊन टाकला.

"आते देख," म्हणाली.

पैशांचं मी बोललोच नाही.