हरणांचा सोमवार

आमच्या शाळेच्या कॅलेंडरात
थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी नुसतं ‘सुट्टी’ छापलेलं असतं.
कारण छापत नाहीत. ऑल्डर रनमध्ये कुणी विचारतही नाही.
शिकारीचा मोसम आता शनिवारीच उघडतो, सरकारनं वार बदलला,
पण पेन्सिल्व्हेनियाच्या या कोपऱ्यात शाळेनं सोमवार सोडला नाही,
आणि मुख्याध्यापक त्या दिवशी फोन उचलत नाहीत.

ऑक्टोबरातच चाहूल लागते.
खानावळीत, टोमॅटो सूपचा वास मुरलेल्या टेबलांवर,
रोस्को बीलर, दिवसा आमच्या बसचा ड्रायव्हर,
बंदुकीचं तोंड कुठे असावं आणि कुठे कधीच नसावं, ते शिकवतो.
अपूर्णांक बघून रडकुंडीला येणारी पोरं
या परीक्षेत पन्नासपैकी पन्नास काढतात.
तीच पोरं सातवीत जीवशास्त्राला माझ्याकडे असतात.
माझं विचाराल, तर मी जन्मात एक उंदीर मारला,
तोही सापळ्यानं,
आणि दोन दिवस घास उतरला नाही.

मंगळवारी कोटांच्या खुंट्यांवर नारिंगी भडका.
हजेरी घेताना पोरं ‘हजर’ म्हणतच नाहीत, शिंगं मोजतात:
“आठ टोकांचं.” “सहा.” “मादी, पण चांगली लठ्ठ.”
डार्ला झुबाक म्हणते, “दिसलं. गोळी नाही झाडली,”
आणि पुढे गप्प. मीही खोदत नाही.
मागच्या बाकावर कुणीतरी सुकं मांस चघळतंय,
मिरीचा वास वह्यांना.

टायटस येगर उशिरा आला.
सप्टेंबरात त्याचे आजोबा गेले, गोठ्यात,
चाऱ्याचं पोतं उचलता उचलता.
यंदा पहिल्यांदा तेच त्याला डोंगरावर नेणार होते.
नेलं बीलरनं. तीन वर्षं हा पोरगा त्याच्या बसमध्ये बसतो,
दोघांत चार शब्द झाले नसतील.

टायटसच्या हातात ब्रेडची पिशवी,
रंगीत ठिपक्यांची, तोंडाला तारेचा पीळ.
“तुम्ही म्हणाला होतात, पुस्तकातलं चित्र धड नाही.”

म्हणाले होते खरी.

मी ट्रे काढायला वळले, तर म्हणाला,
“फॉर्मॅलिनच्या ट्रेत नको. घरी न्यायचंय.”
मग खानावळीतून धुतलेलं ताट आणवलं, भाजीची सुरी आणवली.

हृदय. माझ्या मुठीहून जरा मोठं,
वरच्या कडेला चरबी, काचेवर हिमकण साचावेत तशी.
गोळी फुप्फुसांतून गेलेली. हे अख्खं.
कापताना एकही पोर हसलं नाही.
झडपा दाखवल्या, त्यांना धरून ठेवणारे पांढरे दोर,
“पॅराशूटसारखे,” डार्ला म्हणाली, आजचं दुसरं वाक्य.
डावी भिंत जाड, कारण साऱ्या अंगाला पुरवायचं तिलाच.

टायटसनं हातमोजा न घालता बोट आत घातलं.
“बंद पडताना आधी कुठला कप्पा थांबतो?”

बावीस वर्षं शिकवतेय. उत्तर येतं मला,
म्हणजे पुस्तकातलं येतं.
“डावा खालचा आधी. उजवा वरचा सगळ्यांत शेवटी.
बाकीचे शांत झाले तरी तो थोडा वेळ हलत राहतो.”

“मी पळत पोचेपर्यंत?”

कुणापर्यंत, ते मी विचारलं नाही.
खिडकीबाहेर बीलर बसची काच पुसत होता,
एकच जागा, पुन्हा पुन्हा.
“हो,” म्हटलं. “तेवढा वेळ असतो.”

त्यानं मान हलवली. दोन्ही अर्धी जुळवून
पिशवीत घातली, तारेला पीळ दिला.
“आई कांद्यावर परतणारे. कापलेलं चालतं.”
दारात थबकला.
“उद्या डब्यात आणू तुम्हाला?”

उंदीर आठवला.
आण, म्हणाले.