वादी

तो शब्द पहिल्यांदा भावोजींनी फेकला,
पांढरा रस्सा वाढून घेता घेता.
मी एवढंच म्हटलं होतं,
वेण्यांचे पैसे माझ्या खात्यावर यावेत.
"वहिनी लई स्त्रीवादी झाल्या की!"
सगळे हसले. मीही हसले.

खरं सांगू, मला त्यातली फक्त वादी कळली.
एकोणतीस वर्षं वाद्याच कापतेय.
कातडं भिजवायचं, ओढायचं,
बारीक पदर काढून वेणी घालायची.
डझनावर मजुरी.
पापाच्या तिकटीला काचेत जोड मांडलेला असतो,
त्याच्यावर नाव सासऱ्यांचं.

रात्री तो शब्द पायात घालून बघितला.
चावला.
नवं पायताण चावतं तसा, अंगठ्याच्या बेचक्यात.
तेल लाव, दोन दिवस घरात वापर,
असं मीच गिऱ्हाइकाला सांगते.

पहिलं वर्ष वाईट गेलं.
हे कुणी आधी सांगत नाही.
नको ते दिसायला लागलं:
सगळे उठल्यावर टोपाच्या बुडाला उरलेलं माझं जेवण,
आणि पोरगी मोठ्यानं हसली की
तिच्याकडे वळणारे माझेच डोळे.
झोप गेली. शालन बोलेनाशी झाली,
तिच्या नवऱ्यानं सांगितलं म्हणे, तिथं बसत जाऊ नकोस.
सीपीआरला बीपी निघालं एकशे सत्तर.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टेन्शन घेऊ नका.
घेतलं कुठं, बाई?
ते होतंच.
आता कुठं त्याला नाव मिळालंय.

गोळी अजून चालू आहे.
पण पासबुक माझ्या ट्रंकेत आहे,
आणि एका दुपारी मी चक्क झोपले,
दार उघडं टाकून, चार वाजेपर्यंत.
कुणी उठवलं नाही.
उठवलं असतं तरी उठले नसते.

गड्यांच्या पायताणात विंचू घालतात,
तळाच्या दोन थरांमध्ये.
पाऊल पडलं की करकर वाजतं.
गल्लीच्या तोंडाशी कळतं, कोण येतंय.
बायकांच्या जोडात घालत नाहीत.
कितीतरी जोड माझ्या हातून गेले,
का नाही घालत, मी कधी विचारलं नाही.

परवा माझ्या जोडात घातला.
डावा झकास वाजतो.
उजवा मुका राहिलाय, कुठंतरी चुकलं माझं.
तशीच निघाले सुभाषनगरातून,
एक पाऊल बोलतंय, एक गप्प.

शालनच्या दारावरून जाताना
तिनं आतल्या आत पदर सावरला,
वाटलं असेल, कोणी बाप्या आला.
मग बाहेर डोकावली.
मला बघितलं. पायाकडं बघितलं.
तोंडात पदर धरून इतकी हसली, इतकी,
की शेजारची म्हातारी काठी टेकत बाहेर आली.

मग गप्प झाली.
उंबऱ्याच्या बाहेर एक पाय काढला,
भेगाळलेला, अनवाणी,
आणि म्हणाली,
"माप घे."